चावणारं मूल आणि संध्याकाळचे दोन-अडीच तास

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

“ताई, डोंबिवलीला राहत्या घरीच माझं पाळणाघर आहे. हॉल आणि एक खोली मुलांसाठी ठेवली आहे. एकूण ११ मुलं आहेत, सगळ्यात धाकटं आठ महिन्यांचं आणि सगळ्यात मोठी चार वर्षांची. मदतीला एक मावशी आहेत, त्या सकाळी साडेआठला येतात आणि पाचला जातात. बहुतेक पालक मुंबईला नोकरीला आहेत. लोकल पकडून यायला त्यांना सात-साडेसात होतात.

गेल्या दोन आठवड्यांत २२ महिन्यांचा एक मुलगा तीनदा चावला. दोनदा एकाच मुलीला, त्यातलं एकदा गालावर. दुसऱ्या दिवशीही दातांचे वण दिसत होते. तिच्या आईने तो फोटो आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि ‘कोण चावलं ते सांगा. त्याला काढा, नाहीतर आम्ही मुलीला काढतो’ असं लिहिलं. मुलाची आई म्हणते, ‘घरी तो कुणालाच चावत नाही, तुमच्याकडेच काहीतरी होतंय.’ घरी ते मल्याळम बोलतात. त्याला मराठी थोडं कळतं, पण बोलत नाही. मावशी म्हणतात, ओठांना एकदा तिखट लावा, विसरेल. सासूबाई म्हणतात, तूच एकदा चावून दाखव. मी दोन दिवस त्याला आतल्या खोलीत वेगळं बसवून पाहिलं. रडून रडून झोपला आणि मलाच रडू आलं. त्याला काढून टाकू का? नाही काढलं, तर हे थांबवू कसं?”

नमस्कार,

त्याला काढू नका. आधी एवढं सांगते, म्हणजे पुढचं तुम्हाला शांतपणे वाचता येईल. एक ते तीन या वयाची मुलं जिथे एकत्र वाढतात तिथे कुणी ना कुणी चावतंच. हा गेला तरी सहा महिन्यांनी दुसरं कुणी चावेल. तेव्हाही ग्रुपवर फोटो येईल आणि तुम्ही परत याच ठिकाणी उभ्या असाल. त्यापेक्षा या मुलाच्या निमित्ताने हे कसं हाताळायचं ते एकदा पक्कं करून टाका.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. चावा कुठे बसला, कुणाला बसला, कोण काय म्हणालं, हे सगळं त्यात आहे. तो किती वाजता चावला, ते मात्र नाही. त्याच पत्रात मावशी पाचला जातात आणि पालक सात-साडेसातला येतात असंही लिहिलंय. म्हणजे दिवसातले शेवटचे दोन-अडीच तास ११ मुलं आणि तुम्ही एकट्या. त्यातलं आठ महिन्यांचं बाळ तुमच्या कडेवर असणार, म्हणजे हातही एकच मोकळा. माझा अंदाज आहे की तीनपैकी निदान दोन चावे याच वेळात बसले असतील. नसतील, तर दुपारच्या जेवणाआधीच्या अर्ध्या तासात. अंदाज चुकूही शकतो, म्हणून सोमवारपासून एक वही घाला.

वहीत फार काही लिहायचं नाही. किती वाजले होते, मुलं खोलीत कुठे होती, त्याच्या लगेच आधी काय चाललं होतं, जवळ कोण होतं, शेवटचं खाणं आणि शेवटची झोप कधी झाली होती. चावता चावता राहिला असेल, म्हणजे तोंड पुढे केलं आणि तुम्ही वेळेत धरलंत, तर तेही लिहा. खरं तर तेच जास्त उपयोगी पडतं. दोन आठवडे हे मनापासून केलंत तर बहुतेक वेळा एक चित्र दिसायला लागतं: तीच वेळ, तोच कोपरा, तेच खेळणं. मग तुम्हाला पूर्ण दिवस त्याच्यामागे डोळ्यांत तेल घालून फिरायची गरज उरत नाही. तो अर्धा तास सांभाळला की झालं.

आता तो चावत का असेल, ते बघू. या वयात चावण्यामागे राग असतोच असं नाही. पहिलं कारण दात. दुधाचे दात एकूण २० असतात. त्यातल्या शेवटच्या, मागच्या दाढा साधारण २० ते ३० महिन्यांच्या दरम्यान येतात. तुमचा मुलगा नेमका त्याच वयात आहे. लाळ गळतेय का, मूठ तोंडात जातेय का, जेवताना एका बाजूने चावायचं टाळतोय का, ते बघा. तसं असेल तर स्वच्छ ओला रुमाल फ्रीजमध्ये गार करून त्याच्या हातात द्या आणि तो चघळत असेपर्यंत जवळ बसा. गाजराचा किंवा काकडीचा कडक तुकडा देऊ नका, तो मोडून घशात अडकू शकतो.

दुसरं कारण भाषा, आणि तुमच्या बाबतीत मला हेच मोठं वाटतं. दोन वर्षांच्या आसपास मुलं दोन शब्द जोडायला लागतात. “गाडी दे”, “मला नको”. याच्याकडेही शब्द असतील, पण ते मल्याळम. तो “वेण्डा” म्हणत असेल, म्हणजे नको, आणि तुम्हाला ती नुसती बडबड वाटत असेल. “ता” म्हणत असेल, म्हणजे दे, आणि कुणी देत नसेल. दोन-तीनदा सांगून समोरच्याला कळलं नाही, तर २२ महिन्यांच्या मुलाकडे पुढचा उपाय तोंडच असतो. त्याच्या आईकडून आठ-दहा शब्द देवनागरीत लिहून घ्या: दे, नको, माझं, पाणी, भूक, झोप, दुखतंय, आई. कागद भिंतीवर चिकटवा आणि मावशींनाही ते शब्द म्हणायला लावा. तो “वेण्डा” म्हणाला की लगेच म्हणा, “वेण्डा? नको? बरं, नको.” त्याचा शब्द आधी, मराठी शब्द मागून. मुलं याने फार लवकर निवळतात, कारण आपलं कुणाला तरी कळतंय हे त्यांना कळतं. त्याच्या आईला कुणी “घरी मराठीच बोला, दोन भाषांनी मुलाचा गोंधळ होतो” असं सांगत असेल तर ते ऐकू नका म्हणावं. दोन भाषांमध्ये वाढल्याने बोलणं मागे पडत नाही. घरची भाषा पक्की असलेलं मूल दुसरी भाषा सहज उचलतं.

तिसरं कारण झोप आणि भूक. एक-दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दिवसाला ११ ते १४ तास झोप लागते. आता हिशोब मांडा. आई सकाळची लोकल पकडणार म्हणून तो सहाला उठतो. रात्री बाबा आल्यावर घर जागं होतं, झोपायला साडेदहा-अकरा. तुमच्याकडे दुपारी तास-दीड तास झोपतो. बेरीज नऊ तासांच्या आत येते. असं मूल संध्याकाळी सहाला चिडचिडं असेल तर त्यात त्याचा काय दोष? मोठी मुलं जेवेपर्यंत त्याला ताटकळत ठेवू नका. साडेअकराला वरणभात द्या आणि बाराला आतल्या खोलीत पडदा ओढून झोपवा. तीच आतली खोली त्याच्या शिक्षेची नको, झोपेची होऊ दे.

त्याला तिथे एकटं बसवलंत त्याबद्दल मी तुम्हाला बोलणार नाही. तुम्ही ते दोन दिवसांत थांबवलंत आणि का थांबवलंत तेही लिहिलंत. का उपयोग होत नाही तेवढं मात्र सांगते. या वयाच्या मुलाला “मी चावलो म्हणून इथे आहे” हे दहा मिनिटांनी आठवत नाही. एकटं टाकलं एवढंच त्याच्याजवळ राहतं. आणि घाबरलेलं मूल जास्त चावतं.

तिखटाबद्दल तर अजिबात दुमत नको. ओठांचं तिखट हाताला लागतं, हात डोळ्यांत जातो, आणि मग ११ मुलांच्या गोंधळात एका मुलाचे डोळे धूत बसायची वेळ येते. शिवाय ही निव्वळ मारहाण आहे आणि कायदाही तिला तसंच बघतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७५ व्या कलमाप्रमाणे ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने मुलाला क्रूरपणे वागवणं हा गुन्हा आहे, आणि मुलं सांभाळणाऱ्या संस्थेतल्या माणसाने तसं केलं तर शिक्षा आणखी कडक आहे. मावशींना हे कायद्याची भीती घालून सांगू नका. दुपारी मुलं झोपली की चहा घेताना सांगा: “मावशी, आपल्याकडे कुणाच्या तोंडाला, अंगाला काही लावायचं नाही, हात उचलायचा नाही, आणि कुणाला ‘चावरा’ म्हणून हाक मारायची नाही. तो तोंड पुढे करेल तेव्हा मला तुमचा हात मध्ये हवा.” मुलांच्या आधी त्याची चाल मावशींनाच ओळखू येईल. दिवसभर त्या जमिनीवर, मुलांच्या उंचीला बसलेल्या असतात. सासूबाईंनाही प्रेमानेच सांगा. मोठ्यांनी चावून दाखवलं तर मोठी माणसंही चावतात एवढंच तो शिकेल.

आता प्रत्यक्ष तो क्षण. चावण्याच्या आधी बहुतेक मुलं दोन-तीन सेकंद सूचना देतात. खिडकीखाली एकच लाल गाडी आहे, ती छोटीच्या हातात आहे. हा मागून येतो, गाडीकडे हात करतो, ती गाडी छातीशी धरते. हा थांबतो. अंग ताठ होतं, श्वास जलद होतो, हात खाली आणि तोंड पुढे. ते दिसलं की ओरडू नका, कारण तुमच्या आवाजाने तो दचकून चावेलच. त्याच्या छातीवर तळहात ठेवा, दोघांच्या मध्ये बसा आणि त्याचा शब्द त्याला द्या: “ता? गाडी हवी? तिची झाली की तुझी.” आणि लगेच हातात दुसरं काही द्या. शक्य झालं तर सगळ्या मुलांना आवडणाऱ्या खेळण्याचे तीन-चार सारखे नग आणा. अडीच वर्षांच्या आतल्या मुलांना वाटून खेळायला सांगणं म्हणजे त्यांच्या वयाच्या पुढचं मागणं आहे. रस्त्यावरच्या दुकानातल्या चार सारख्या गाड्यांनी जेवढे चावे टळतील तेवढे कुठल्याही समजावण्याने टळणार नाहीत. फक्त गाड्या घेताना चाक निघून तोंडात जाईल अशा घेऊ नका.

चावा बसलाच, तर आधी जिला लागलं तिच्याकडे जा. तिला उचला, जवळ घ्या, “दुखलं ना, मी आहे” म्हणा. चावणाऱ्याने हे बघणं महत्त्वाचं आहे, की चावलं की सगळे तिच्याकडे धावतात, माझ्याकडे नाही. तिला शांत केल्यावर त्याच्या उंचीला बसा, डोळ्यांत बघा आणि एकच वाक्य बोला: “चावायचं नाही. तिला दुखलं.” आवाज ठाम, पण चढलेला नको. पाच वाक्यांचं भाषण त्याला कळत नाही. “सॉरी म्हण” म्हणून हात जोडायला लावू नका. ओला रुमाल आणायला मात्र त्याला सोबत घ्या. रुमाल तिच्या हाताला लावताना तो जेवढं शिकतो तेवढं सॉरी म्हणून शिकत नाही. पुढची दहा मिनिटं तो तुमच्याजवळ, तुमच्या मांडीशी. मग पुन्हा खेळायला.

जखमेचं: जागा साबणाने आणि वाहत्या पाण्याने नीट धुवा, नुसतं पुसून भागत नाही. कातडी फुटली नसेल तर गार पाण्याची पट्टी, किंवा कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ. हळद, टूथपेस्ट, खोबरेल काही नको. कातडी फुटून रक्त आलं असेल तर पालकांना लगेच फोन करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला सांगा, कारण माणसाच्या तोंडातले जंतू जखम चिघळवू शकतात. डॉक्टर धनुर्वाताच्या लसीबद्दल विचारतील. १६ ते २४ महिन्यांतला डीपीटीचा बूस्टर (याच लसीत धनुर्वाताचीही लस असते) बऱ्याच मुलांचा राहून गेलेला असतो. अकराही मुलांच्या लसीकरण कार्डाच्या प्रती फाइलमध्ये हव्यात. नसतील तर याच आठवड्यात मागा.

आता संध्याकाळ. तुमचा खरा प्रश्न इथे आहे आणि तो मुलाला बदलून सुटणार नाही, तासांची मांडणी बदलून सुटेल. बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला बालवाडी सुरू केली तेव्हा पाड्यावरची आदिवासी मुलं बालवाडीपर्यंत येत नव्हती. मुलं येत नाहीत म्हणून पालकांना दोष न देता त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. पुढे गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावर शाळा भरवली. आपल्या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकीने ही गोष्ट लक्षात ठेवावी असं मला मनापासून वाटतं. मूल आपल्या व्यवस्थेत बसत नसेल तर आधी व्यवस्था हलवून बघायची.

तुमच्याकडे काय हलवता येईल? मावशींची वेळ. सकाळी साडेआठला मुलं ताजी असतात, त्यांना तेव्हा दुसऱ्या हाताची गरज कमी. त्यांना दहा ते साडेसहा जमेल का, विचारा. त्यांच्या घरची संध्याकाळ मोडत असेल तर जबरदस्ती करू नका, दुसरं कुणी बघा: पाच ते साडेसात, शेजारच्या निवृत्त बाई किंवा कॉलेजातली एखादी मुलगी. कुणीही नवीन ठेवताना पोलीस पडताळणी आणि आधीच्या दोन घरी विचारपूस, हे सोडू नका. याला पैसे लागतील आणि ते तुम्ही स्वतःच्या खिशातून भरायचे नाहीत. पालकांना मोकळेपणाने सांगा: संध्याकाळी दुसरा माणूस ठेवतेय, त्यासाठी फी वाढतेय. जी आई आज मुलीच्या गालाचा फोटो टाकते ती हे पैसे देईल. आणि जोवर पाचनंतर तुम्ही एकट्या आहात, तोवर बारावं मूल घेऊ नका. कुणी कितीही गळ घातली तरी नाही. मला विचाराल तर एकटीला अकराही जास्तच आहेत.

दुसरं, साडेपाचला भरपेट खाणं. चारला दूध-बिस्कीट आणि मग थेट घरी जाऊन साडेआठला जेवण, ही मधली पोकळी फार मोठी होते. उपमा, गूळ-पोळीचा लाडू, नाचणीची खीर, केळं, यातलं काहीही चालेल. खाणं झालं की मुलांचे दोन भाग करा. मोठी चार-पाच आतल्या खोलीत ठोकळे किंवा जुनी वर्तमानपत्रं फाडायला. लहान हॉलमध्ये, कणकेचा गोळा किंवा टबात चार बोटं पाणी आणि दोन वाट्या. पाण्यापाशी मोठं माणूस बसलेलंच हवं आणि खेळ संपला की टब लगेच रिकामा. संध्याकाळी टीव्ही लावत असाल तर बंद करा. मला माहीत आहे, तो बंद केला की तुमचा तो अर्धा तासही जातो. पण दमलेली ११ मुलं एका सतरंजीवर खांद्याला खांदा लावून बसली की चावा तिथेच बसतो. शिवाय दोन वर्षांच्या आतल्या मुलांना टीव्ही-मोबाइलचा पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलेलं आहे. त्यांचा तो तास घरी आजोबांच्या मोबाइलवर संपतोच.

पालकांकडे वळू. मुलीच्या आईला ग्रुपवर उत्तर देऊ नका. आधी फोन करा: “तुमची मुलगी माझ्या जबाबदारीवर असताना तिला लागलं, याचं मला फार वाईट वाटतंय. फोटो ग्रुपवर आहे, तो तुम्ही काढाल का? आपण शनिवारी पंधरा मिनिटं बसू.” शनिवारी भेटल्यावर आधी तिला बोलू द्या. मग वही दाखवा आणि तुम्ही काय काय बदललंय ते सांगा. ती नाव विचारेल. “नाव मी सांगणार नाही. उद्या तुमच्या मुलीबद्दल कुणी विचारलं तर मी तेव्हाही सांगणार नाही.” एवढंच म्हणा आणि थांबा. “सगळीच मुलं चावतात हो” हे वाक्य, खरं असलं तरी, तिच्यासमोर बोलू नका. मुलीचा गाल तिने हाताने पुसलाय. तिला तुमच्याकडून हवंय ते लक्ष. मुलीसाठीही तुम्हाला काही करायचं आहे: तोच दोनदा तिलाच चावलाय, तर काही दिवस दोघांच्या मध्ये एक मोठं माणूस असू दे, आणि तिला हात पुढे करून जोरात “नको!” म्हणायला शिकवा. खेळात शिकवा, बाहुलीबरोबर.

ग्रुपवर सगळ्यांसाठी एकच निरोप टाका, साधा: “गेल्या दोन आठवड्यांत मुलांमध्ये चावण्याचे प्रसंग झाले. एक ते तीन या वयात असं होतं, तरी ते थांबवणं माझं काम आहे. संध्याकाळी दुसरी मदतनीस, साडेपाचचं खाणं आणि लहान-मोठ्यांची वेगळी बैठक सुरू करतेय. मुलांचे फोटो आणि नावं ग्रुपवर टाकू नयेत ही विनंती. काही विचारायचं असेल तर मला फोन करा.” त्याखाली वाद सुरू झाला तर त्यात पडू नका. एकेकीला फोन करा.

मुलाच्या आईला सांगा की तिचं बरोबर आहे. “तुमच्याकडेच काहीतरी होतंय” हे ऐकताना तुम्हाला टोचलं असेल, पण ती खरं तेच सांगतेय. घरी तो एकटाच आहे, गाडी त्याचीच आहे, “वेण्डा” सगळ्यांना कळतं. इथे तसं नाही. त्यामुळे तिच्याशी भांडण्यासारखं काहीच नाही, तिच्याकडून मदत घेण्यासारखं पुष्कळ आहे. झोपेचं विचारा, दाढांचं विचारा, शब्द मागा. घरी नवीन काही झालंय का तेही विचारा: दुसऱ्या बाळाची चाहूल, घर बदलणं, आजी गावी परत जाणं. आणि एक नक्की सांगा: संध्याकाळी नेल्यावर “आज परत चावलास?” म्हणून त्याला रागावू नये. दुपारचं त्याला आठवत नाही. आईला दिवसभरानंतर भेटल्याच्या क्षणी रागावणं तेवढं लागतं. नोकरी करते म्हणून मूल चावतं, असं तिच्या मनात असणारच. कुणीतरी ते तिला बोललंही असेल. तसं नाही, हे तिला तुमच्या तोंडून ऐकायची गरज आहे.

डॉक्टरांकडे कधी पाठवायचं? दोन वर्षं झाली तरी घरच्या भाषेतही दोन शब्द जोडत नसेल, मागून हाक मारल्यावर वळत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल, नजर देत नसेल, किंवा येत असलेले शब्द बोलायचा बंद झाला असेल, तर थांबू नका. आधी कान तपासून घ्यायला सांगा, कारण नीट ऐकू न येणारं मूलही असंच वागतं. खासगी तपासण्या परवडत नसतील तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अशी तपासणी आणि पुढचे उपचार मोफत मिळतात. जवळच्या अंगणवाडीत वर्षातून दोनदा डॉक्टरांचं पथक येतं, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी त्यासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, ज्याला सगळे डीईआयसी म्हणतात. अंगणवाडी सेविकेशी ओळख ठेवा. चावणं तीन वर्षांनंतरही तसंच चालू राहिलं किंवा तो स्वतःलाच चावायला लागला, तरीही दाखवायला हवं.

हे सगळं केल्यावर काही आठवड्यांत चावे कमी व्हायला हवेत. एकदम बंद होणार नाहीत. पहिल्या आठवड्यात एखादा जास्तही होईल, तेव्हा धीर सोडू नका. आणि दीड-दोन महिने मनापासून करूनही वही तशीच भरत राहिली, तर त्याला तुमच्यापेक्षा कमी मुलं असलेल्या जागेची गरज असू शकते. त्या वेळी त्याच्या आईबरोबर बसून तसं सांगा, निदान महिनाभराची मुदत द्या, ओळखीच्या दोन-तीन छोट्या पाळणाघरांत स्वतः फोन करा आणि उरलेली आगाऊ फी परत करा. तुमची वही आणि तो मल्याळम शब्दांचा कागद त्याच्याबरोबर पाठवा, म्हणजे पुढच्या बाईला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.